केडलस्टनच्या विश्वस्तांना: तुमच्या घरात आमचा कीचक झोपला आहे

प्रति,
विश्वस्त मंडळ, नॅशनल ट्रस्ट,
आणि केडलस्टन हॉलची निगा राखणारे सर्वजण

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. यातला मुख्य शब्द इंग्रजीत नेला की पांचट होतो, म्हणून. तो शब्द म्हणजे कीचक. तुमच्याकडे भाषांतर करून देणारं कुणीतरी असेलच. आणि नसेल तर मी डर्बीतच राहते, तुमच्या फाटकापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तुमच्या संस्थेच्या, सभासदत्वाचं कार्ड माझ्या पाकिटात गेली बारा वर्षं आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा सांगलीहून आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलेलं. पाहुणे आले की त्यांना केडलस्टनचा वाडा दाखवायला न्यायचं हा आमच्या घरचा शिरस्ता, तसं त्यांनाही नेलं. ते संगमरवरी दालनात शिरले आणि वर बघत उभेच राहिले. पंचवीस-पंचवीस फुटी वीस खांब, गुलाबी-हिरव्या शिरांच्या अ‍ॅलाबास्टर दगडाचे, आणि भिंतीला एकही खिडकी नाही; उजेड सगळा छतातून उतरतो. बाबा म्हणाले, "अगं, हे घर आहे का देऊळ?" तिथल्या स्वयंसेवक बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, शब्दावाचून प्रश्न कळल्यासारख्या हसल्या. खरं तर बाबांनी अडीचशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारला होता. 1777 मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन इथं आले होते, तेव्हा त्यांनीही खांबांकडे बघून म्हटलं होतं की ही खोली न्यायाधीशांना बसायला बरी, गोल खोली पंचांना, आणि वरच्या मजल्यावर कैदी ठेवा. राहायला घर म्हणून ते त्यांच्या डोळ्यांत काही भरलं नाही.

त्या घराचा इतिहास तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. पण हे पत्र मराठी माणसंही वाचणार आहेत, म्हणून थोडं सांगते. कर्झन घराणं बाराव्या शतकापासून त्या जमिनीवर आहे. आत्ताचा वाडा सर नॅथॅनियल कर्झननं 1759 मध्ये बांधायला घेतला. आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन, आणि शेवटी रॉबर्ट अ‍ॅडम असे तीन वास्तुविशारद. अ‍ॅडम तेव्हा नुकताच रोमहून आला होता, त्यामुळे दक्षिणेची दर्शनी बाजू म्हणजे कॉन्स्टंटाइनची कमान, आणि गोल दालन म्हणजे रोमचं पॅन्थिऑन देऊळ, बासष्ट फूट उंच घुमटाचं. हे सगळं राहण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त. शेजारच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या बड्यांच्या नाकावर टिच्चून दाखवण्यासाठी, असं म्हटलं तरी चालेल. लोकही पहिल्यापासून बघायला येत. त्यांना घर दाखवत फिरणाऱ्या मिसेस गार्नेट या कारभारणीचं तैलचित्र तुम्ही आजही लावलं आहे. लॉर्ड-लेडींच्या रांगेत हातात पुस्तिका घेतलेली एक नोकरदार बाई! मला त्या घरातलं सगळ्यांत आवडतं चित्र तेच.

आता एक गोष्ट, जी पटकन सांगून पुढे जाता येत नाही. वाड्याच्या मागं चर्च आहे, ऑल सेंट्स. चर्च वाड्याला खेटून कसं, असं बाबांनी विचारलं. तर चर्च वाड्याजवळ आलेलं नाही, गाव चर्चपासून गेलं. सर नॅथॅनियलला खिडकीतून गवताची उतरण आणि तळं दिसायला हवं होतं, मध्ये गाव येत होतं. गाव उठवलं. हमरस्ताही वळवला. देवाचं घर तेवढं हलवता येईना, ते राहिलं. बाबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे धरण न बांधता धरणग्रस्त." कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांची मुलं त्यांच्या वर्गात बसलेली आहेत, त्यांना हा शब्द शोधावा लागला नाही.

म्हणून हे आधीच सांगते: केडलस्टन हिंदुस्थानच्या पैशावर उभं राहिलं असा माझा आरोप नाही. ते घर डर्बीशरच्या जमिनीच्या खंडावर उभं राहिलं आणि त्याची पहिली झळ डर्बीशरच्याच गावकऱ्यांना लागली. पुढं पैसाही पुरला नाही. आराखड्यात चार बाजूंना चार उपवाडे होते, गोलाकार सज्ज्यांनी मुख्य वाड्याला जोडलेले. प्रत्यक्षात दोनच झाले. एकात कुटुंब, एकात मुदपाकखाना. दक्षिणेकडचे दोन कागदावरच राहिले.

ते दोन पूर्ण झाले कलकत्त्यात.

लॉर्ड वेलस्लीला गव्हर्नर जनरलला साजेसं घर हवं होतं. कॅप्टन चार्ल्स वायट यानं केडलस्टनचा आराखडा समोर ठेवून 1799 ते 1803 या काळात ते बांधलं, चारही उपवाड्यांसकट. तुमच्याकडे अ‍ॅलाबास्टर, तिकडे विटा आणि चुना, एवढाच फरक. बांधकाम पुरं झालं जानेवारी 1803 मध्ये. मराठी वाचकाला ही तारीख टोचते. त्याच्या आधीच्या डिसेंबरच्या 31 तारखेला, म्हणजे फार तर तीन आठवड्यांपूर्वी, दुसऱ्या बाजीरावानं वसईला तह करून पेशवाई इंग्रजांच्या ओसरीला बांधली होती. तहाची शाई वाळते न वाळते तो या घरात मेजवान्या सुरू झाल्या. सप्टेंबरात वेलस्लीच्या धाकट्या भावानं, पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा मोडल्या. कंपनीचे लंडनचे संचालक मात्र घराची आणि लढायांची बिलं बघून कातावले होते, आणि 1805 मध्ये वेलस्लीला परत बोलावलं गेलं. लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाच्या पाहुण्यानं वेलस्लीची बाजू घेताना लिहिलं की हिंदुस्थानावर राज्य राजवाड्यातून करायचं असतं, पेढीवरून नाही. म्हणजे डर्बीशरमध्ये शेजाऱ्याला खिजवायला काढलेला आराखडा इथं राज्य चालवायचं तत्त्वज्ञान झाला. पन्नास वर्षांच्या आत!

मग 1859 मध्ये केडलस्टनमध्ये जॉर्ज नॅथॅनियल जन्मला. हाच तो लॉर्ड कर्झन. (मराठी वाचकांसाठी: मदनलाल धिंग्रांनी 1909 मध्ये लंडनला ज्याला गोळ्या घातल्या तो सर विल्यम कर्झन वायली, हा नव्हे. ही गल्लत मी स्वतः कॉलेजपर्यंत करत होते.) त्याच्या लहानपणाची एक आठवण त्यानंच लिहून ठेवली आहे आणि ती वाचून मला त्याची दया येते. मिस पॅरामन नावाची शिक्षिका त्या पोराला शंकूच्या आकाराची कागदी टोपी घालून बागेतून आणि आसपासच्या गावातून फिरवायची. टोपीवर लिहिलेलं असायचं: लबाड, चुगलखोर, भित्रा. एकदा तर तिनं त्याला बटलरला पत्र लिहायला लावलं, की मला मारण्यासाठी एक छडी करून दे.

हा मुलगा चाळिसाव्या वर्षी व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला उतरला, आणि जिथं राहायला गेला ते घर त्याच्या बापाच्या घराची नक्कल होतं. असा योग कथेत कुणी लिहिला असता तर आम्ही लेखकाला नावं ठेवली असती.

पुढं फेब्रुवारी 1905 मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात याच गृहस्थानं हिंदुस्थानी पदवीधरांना ऐकवलं, की सत्याचा उच्च आदर्श ही बहुतांशी पाश्चात्त्य कल्पना आहे. दोनच दिवसांत अमृतबाजार पत्रिकेनं त्याच्याच जुन्या प्रवासवर्णनातला उतारा छापला. कोरियात आपण तेहतीस वर्षांचे असताना दरबारी अधिकाऱ्याला चाळीस वय सांगितलं, ही फुशारकी त्यात त्यानं स्वतःच मारली होती. सगळीकडे हशा पिकला. मला मात्र प्रत्येक वेळी ती कागदी टोपी आठवते.

आता मूळ मुद्दा. बाबा वाडा बघून थकले होते तरी चर्चमध्ये आले. तिथं उत्तरेकडच्या चॅपेलमध्ये कर्झन आणि त्याची पहिली बायको मेरी यांचे पांढऱ्याशुभ्र संगमरवरातले पुतळे शेजारी शेजारी पहुडलेले आहेत. मेरी शिकागोच्या धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी. 1906 मध्ये, छत्तिशीत गेली. खाली हिरव्या स्फटिकाची फरशी, पाण्यासारखी. वर दोन देवदूत मुकुट घेऊन वाकलेले. शिल्पकार मॅकेनलचं काम अप्रतिम आहे, त्याबद्दल दुमत नाही. बाबांनी आधी मेरीला नमस्कार केला. त्यांना सगळ्याच गेलेल्या बायकांना नमस्कार करायची सवय आहे. मग तिच्या शेजाऱ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले:

"हा तर आमचा कीचक. भीमानं याची मोट वळली होती गं, हात-पाय-डोकं सगळं आत कोंबून. इथं बघ, कसा ऐसपैस झोपवलाय."

मला हसू आवरेना आणि जागा हसायची नव्हती.

विश्वस्त महोदय, कीचक कोण ते सांगते. महाभारतात पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे वेष पालटून राहतात. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची दासी असते. राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक, राज्यात खरी सत्ता त्याची. तो तिच्यावर हात टाकतो. धर्मराज म्हणतो, थांब, नियम पाळू, वेळ येईल. भीम थांबत नाही. 1907 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, सांगलीचेच ते, टिळकांच्या केसरीतले त्यांचे सहकारी, या कथेवर कीचकवध हे नाटक रंगभूमीवर आणलं. त्यात कुठंही कर्झनचं नाव नाही, इंग्रजांचं नाव नाही. पण पिटातल्या शेवटच्या बाकड्यावरच्या प्रेक्षकालासुद्धा कळत होतं की कीचक कोण, सैरंध्री कोण, नेमस्त धर्मराज कोण आणि जहाल भीम कोण. कळायला सरकारलाच तीन वर्षं लागली. 1910 मध्ये बंदी आली. तुमच्या लंडन टाइम्सनं मग आपल्या वाचकांना हे रूपक पात्रवार फोड करून समजावलं. माझ्या मते मराठी नाटकाला याहून मोठी दाद परदेशी वर्तमानपत्रानं कधी दिलेली नाही.

ही चीड आकाशातून पडली नव्हती. कर्झन आला तेव्हा मुंबई इलाखा प्लेगनं आणि 1899-1900 च्या दुष्काळानं भाजून निघत होता. दुष्काळी मदत सढळ केली तर लोकांचा स्वावलंबनाचा कणा मोडेल, तो सार्वजनिक गुन्हा ठरेल, अशा अर्थाचं त्याचं भाषण नोंदलेलं आहे. आणि तीन वर्षांनी, जानेवारी 1903 मध्ये, दिल्लीला दरबार. लाल किल्ल्यातल्या नाचाच्या रात्री मेरीनं घातलेला तो मोरपिशी झगा तुम्ही काचेत ठेवला आहे. बाबांनी चष्मा पुसून तो बघितला. सोन्या-चांदीच्या तारेचं जरदोजी काम, पिसावर पीस बसवलेलं, आणि प्रत्येक डोळ्यात हिरव्या किड्याचा पंख. वजन साडेचार किलोच्या आसपास. भरतकाम दिल्लीत, शिलाई पॅरिसला वर्थ या शिवणघराकडे. वर्थचं नाव सगळ्या फॅशनच्या जगाला माहीत आहे. तारेला तार लावताना ज्यांचे डोळे गेले असतील त्या एकेका कारागिराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही.

पण मी एकांगी लिहिणार नाही, कारण माणूस सरळ नव्हता. 1904 चा प्राचीन स्मारकांचा कायदा कर्झनचा. पुरातत्त्व खात्याला त्यानं जीव दिला, पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलला आणलं. आज आमच्या लेण्यांबाहेर आणि गडांवर जी निळी पाटी दिसते, तिच्यावरचा 1958 चा कायदा त्याच 1904 च्या कायद्याच्या कुळातला. आणि तुमच्याकडे? 1911 मध्ये टॅटरशॉल कॅसलच्या दगडी शेकोट्या उचकटून विकल्या गेल्या होत्या, तेव्हा यानंच तो किल्ला विकत घेतला, शेकोट्या हुडकून परत बसवल्या, आणि 1913 चा तुमचा स्मारक कायदा त्या धडपडीतून पुढं आला. मरताना टॅटरशॉल आणि बोडियम हे दोन्ही किल्ले त्यानं तुम्हालाच दिले. म्हणजे तुमच्या संस्थेवर त्याचं ऋण आहे, तसं थोडं आमच्यावरही आहे. ते आम्ही नाकारत नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या कडव्या टीकाकाराला 1904 मध्ये सी.आय.ई. हा किताब देण्याइतपत दिलदारी त्याच्यात होती. आणि त्याच गोखल्यांनी, आमच्यातल्या सगळ्यांत मवाळ माणसानं, बंगालच्या फाळणीनंतर डिसेंबर 1905 मध्ये बनारसच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून सांगितलं की अशा कारभाराला जोड शोधायची तर औरंगजेबापर्यंत मागं जावं लागेल. मराठी माणसानं ही तुलना करणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुठल्याही पाटीवर दोन ओळींत सांगता येणार नाही. तरी प्रयत्न करा, एवढंच मागणं आहे.

कर्झनांचं जुनं ब्रीदवाक्य आहे: कर्झननं जे राखलं ते कर्झननं राखावं. 1977 मध्ये दुसरे व्हायकाउंट स्कार्सडेल वारले, कराचा डोंगर आला आणि ते राखणं घराण्याच्या आवाक्याबाहेर गेलं. दहा वर्षांनी, 1987 मध्ये, सार्वजनिक निधीच्या आधारानं वाडा तुमच्याकडे आला. घराणं अजूनही एका उपवाड्यात राहतं, राहो बापडं. पण बाकीचं घर आता सार्वजनिक आहे. माझ्या वर्गणीचंही आहे. म्हणून मला त्यात एक खिळा मारायचा हक्क आहे असं मी समजते.

2020 मध्ये तुम्ही वसाहतवाद आणि गुलामगिरी यांच्याशी जोडलेल्या त्र्याण्णव वास्तूंचा अहवाल काढलात, तेव्हा तुम्हाला केवढ्या शिव्या खाव्या लागल्या ते मी इथंच बसून वाचलं. सभासदत्वं रद्द करण्याच्या धमक्या, संसदेत आरडाओरड, धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनपर्यंत तक्रारी. 2021 मध्ये आयोगानं तुम्ही काही नियमबाह्य केलेलं नाही असं सांगितलं. त्या वेळी तुम्ही मागं हटला नाहीत याचा मला अभिमान वाटला, आणि पत्र लिहायचं राहून गेलं. ते आता लिहिते आहे.

माझ्या मनातला खिळा असा. खालच्या मजल्यावरच्या 'ईस्टर्न म्युझियम' या वस्तुसंग्रहालयात कर्झननं आशियाभरातून आणलेल्या वस्तू आहेत. तिथं एका भिंतीवर कीचकवधाला जागा द्या. नाटकाचं नाव, साल, बंदीचं साल, कोण कोण होतं ते. शेजारी गोखल्यांचं बनारसचं वाक्य. वस्तू परत द्या असं मी या पत्रात म्हणत नाही. काही नजराणे होते, काही विकत घेतलेल्या, तो हिशेब प्रत्येक वस्तूसमोर मांडायला हवा पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते लिहायला माझ्याहून जाणती माणसं आहेत. मी मागते आहे ती फक्त प्रेक्षकांची जागा. ज्यांच्या वस्तू कपाटात आहेत त्यांना त्या वस्तू जमवणाऱ्याबद्दल काय वाटत होतं, हेही त्या संग्रहाचाच भाग आहे. नाही का?

कुणी म्हणेल, घर बघायला आलेल्या माणसाला चहा आणि केकच्या आधी महाभारत कशाला? त्याला माझं उत्तर मिसेस गार्नेट. कारभारणीचं चित्र लॉर्डांच्या रांगेत लावल्यानं लॉर्डांची चित्रं पुसट झाली नाहीत. उलट लोक तिच्यापाशी जास्त थांबतात, मी पाहिलं आहे. उठवलेल्या गावातल्या लोकांचीही अशीच एखादी आठवण बाहेर हिरवळीवर, जुनी घरं होती तिथं, मांडलीत तर बाबा तुम्हाला दुवा देतील. तो विषय त्यांनी जेवताना तीनदा काढला.

मजकूर मराठीतही ठेवायचा असेल तर मी लिहून देईन, पैसे नकोत. शुद्धलेखन बाबा तपासतील आणि ते फार कडक आहेत, हे आधी सांगून ठेवते.

ते पुढच्या मे महिन्यात पुन्हा येताहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी एकदा भीम केला होता. तेव्हाची नाटकाची प्रत त्यांनी माळ्यावरून काढली आहे. पहिली चार पानं वाळवीनं खाल्ली आहेत, बाकीची वाचता येतात. भीमाच्या वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत. प्रदर्शनात ठेवायला हवी असेल तर कळवा, बॅगेत घालून आणतील. पण देणगी म्हणून नाही, उसनी. परत न्यायची आहे म्हणाले.

आपली,
डर्बीची एक सभासद